आबांचे अकरा चेहरे

गेल्याच वर्षी एका कॉलेजातल्या परिसंवादात लेखकाने छातीठोकपणे सांगितलं होतं, की मालिका बघून कोणी बदलत नसतं. जेवताना घरात शांतता असली तर एकमेकांशी बोलावं लागतं, ते टाळायला लोक टीव्ही लावतात. बाकी समाजावर परिणाम वगैरे हे प्राध्यापकांच्या पोटापाण्याचे विषय. प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं हा विनोद आहे. लेखकाला मात्र तो मोठा आधार होता. आठवड्याला सहा भाग लिहिणाऱ्या माणसाला आपल्या लिहिण्याने काही होत नाही याची खात्री असलेली बरी. झोप लागते.

ती झोप एका बुधवारी सकाळी साडेअकराला, वाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत उडाली.

"सर, आबांना घालवायचंय," वाहिनीच्या मॅडम म्हणाल्या.

आबा म्हणजे लेखकाच्या मालिकेतले कुटुंबप्रमुख. चौदा माणसांचं कुटुंब, त्यातले एकटे आबाच समंजस. बाकीच्या तेरा जणांच्या असमंजसपणावर मालिका चार वर्षं चालली होती.

"घालवायचं म्हणजे? गावाला?"

मॅडमनी नुसतं छताकडे बघितलं. वर चौथ्या मजल्यावर कँटीन होतं, पण त्यांचा रोख त्याच्याही वरचा होता.

"नट सोडून गेलेत. सिनेमात न्यायाधीशाचं काम मिळालंय. पूर्ण सिनेमाभर बसून राहायचं, असं काम कोण सोडतं? सोमवारपासून येत नाहीयेत. आणि पुढच्या बुधवारी आबांचं हर्नियाचं ऑपरेशन आहेच आपल्याकडे. टेबलावरच जाऊ देत. सोयीचं आहे ना?"

लेखकाने चहाचा कप उचलला, रिकामा आहे हे बघून खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

"हर्नियात कोणी जात नाही हो सहसा."

"सहसा जात नाही म्हणून तर लोक बघतील."

आता, आबांना हर्निया झाला कसा, हे फक्त लेखकाला आणि त्याच्या बायकोला माहीत होतं. तो मुळात आबांचा नव्हताच. लेखकाच्या वडिलांचा होता.

वडिलांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी उभा जन्म वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढला होता. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा आणि कुठल्या पारड्याखाली कसला पासंग चिकटवलाय ते सांगायचं. मोठमोठे दुकानदार त्यांना बघून घामाघूम व्हायचे. अशा माणसाने पोटाखालची गाठ तीन वर्षं घरापासून लपवली होती. एके दिवशी सुनेला, म्हणजे लेखकाच्या बायकोला, गच्चीवरच्या दोरीवर टॉवेलच्या आड वाळत घातलेला रुंद पट्टा सापडला तेव्हा ते उघडकीस आलं. आयुष्यभर लोकांची लपवाछपवी पकडणाऱ्या माणसाला स्वतःला धड लपवता येत नव्हतं, पण ते बोलून दाखवायची घरात कोणाची टाप नव्हती.

सर्जनने तपासून सांगितलं, की आज नाही तर उद्या हे अडकणार, आणि अडकलं तर धावपळ होईल. त्यापेक्षा आत्ताच करून टाका. अण्णा म्हणाले, "मला काही होत नाही." घरी आल्यावर लेखकाने विषय काढला, तर अण्णांनी त्याच्याकडे जुन्या दुकानदाराकडे बघावं तसं बघितलं. लेखक पाणी आणायला म्हणून जो आत गेला तो बाहेर आलाच नाही. बापलेकांत गेल्या तीस वर्षांत जे काही बोलणं झालं होतं ते हवामान, वर्तमानपत्र आणि गिझर या तीन विषयांवर.

पण अण्णा रोज साडेसातला मालिका बघत. आणि आबांचं ऐकत. आबांनी चहातली साखर सोडली, आठवडाभरात अण्णांनीही सोडली. आबा काठी घेऊन फिरायला जाऊ लागले, अण्णांनी काठी आणली. ते ती टेकवत नसत, हातात धरून मिरवत, पण फिरायला जात. हे आधी सुनेच्या लक्षात आलं. मग ती लेखकाला हळूच सांगू लागली, "अरे, आबांना जरा दाराला कडी लावायला लाव ना. अण्णा रोज विसरतात." तिसऱ्या भागात आबा कडी लावत. चौथ्या दिवशी अण्णा. कोट्यवधी प्रेक्षक त्या कडीचा गूढ अर्थ शोधत होते. एका बाईंनी तर पत्र लिहिलं होतं, की ती कडी म्हणजे थोरल्या सुनेच्या मनाचं बंद दार.

त्यामुळे पाच आठवड्यांपूर्वी लेखकाने आबांना हर्निया दिला. पट्टा दिला, लपवाछपवी दिली, अडकण्याची भीती दिली, आणि शेवटी आबांच्या तोंडी एक वाक्य दिलं : "घाबरतोय तो मी नाही, माझा हट्ट घाबरतोय." वाक्य तसं भिकार होतं. पण दुसऱ्याच दिवशी अण्णा सर्जनसमोर जाऊन बसले.

"त्या आबाचं बुधवारी आहे ना?" ते म्हणाले. "मग माझं गुरुवारी सकाळी ठेवा. आधी त्याचं कसं होतंय ते बघू."

सर्जन हसला. लेखक हसला नाही. त्याच्या मते आबांचं उत्तम होणार होतं. लेखणी त्याच्याच हातात होती.

आणि आता मॅडम छताकडे बघत होत्या.

त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती थांबली.

"म्हणजे बुधवारी संध्याकाळी आबा मरणार, आणि अण्णा ते हॉस्पिटलच्या कॉटवर बसून बघणार."

"हो."

"आणि मग उठून, चपला घालून घरी येणार."

"हो."

"चपला तरी कशाला घालतील," ती म्हणाली. "अरे, तू खरं सांग ना त्यांना. नट गेला म्हणून मारलाय, ऑपरेशनने नाही."

"मग ते विचारतील, हर्निया कशाला घातलास. मग सगळंच बाहेर येईल. साखर, काठी, कडी."

"कडी माझी होती," बायको घाईघाईने म्हणाली. "ते नको सांगूस."

टीव्हीची वायर काढून ठेवावी, असाही विचार झाला. पण वॉर्डात वेगळा टीव्ही होता, आणि रविवारपासून वाहिनी दर दहा मिनिटांनी 'आबा वाचतील का' म्हणून ओरडणार होती.

दुसऱ्या दिवशी लेखक मॅडमकडे न जाता तारीखवाल्याकडे गेला. हा एक बारीक, चिंतातुर माणूस होता. कोणता नट कोणत्या दिवशी मोकळा आहे, एवढंच त्याचं काम, आणि त्यासाठी त्याच्या भिंतीवर रंगीत टाचण्यांचा एक अवाढव्य तक्ता होता. मालिकेत पुढे काय घडणार हे लेखक ठरवतो असं प्रेक्षकांना वाटे, मॅडम ठरवतात असं लेखकाला वाटे. प्रत्यक्षात ते हा तक्ता ठरवत असे.

"आबा जाणार म्हणे," लेखक सहज बोलल्यासारखं बोलला.

"ऐकलं. वाईट झालं. साधा माणूस."

"मग रडायला कोण कोण लागेल?"

तारीखवाल्याने मान वर केली. "सगळे?"

"कुटुंबप्रमुख आहे. एक जण कमी असला तरी लोक म्हणणार, ही का आली नाही, हिचंच काहीतरी असणार."

"वेगवेगळ्या दिवशी रडले तर?"

"एकाच खोलीत, एकाच वेळी. निदान चार दिवस."

तारीखवाल्याने तक्त्याकडे बघितलं. सर्जन एक्स-रेकडे बघतो तसं. "थोरली सून महिनाअखेरपर्यंत बाहेर. धाकट्याचा पाय मोडलाय. जावई दुसऱ्या मालिकेत तुरुंगात आहे, तिकडे जामीन झाल्याशिवाय ते त्याला सोडत नाहीत." त्याने एक टाचणी उपटली, इकडेतिकडे फिरवली आणि होती तिथेच टोचली. "माणसाला मरायला एकटं चालतं हो. पण मेल्यावर तेरा लागतात. माझ्याकडे नऊ आहेत."

तो तसाच उठून तिसऱ्या मजल्यावर गेला. लेखक खाली चहा पीत थांबला. आपण एका माणसाचा जीव वाचवायला आलो आहोत आणि त्यासाठी माणुसकीचा एक शब्दही काढावा लागला नाही, याचं त्याला थोडं वाईट वाटलं, पण चहा चांगला होता.

वीस मिनिटांनी मॅडमचा फोन आला. "सर, एक विचारायचंय. आबा जगू शकतील का? नटाशिवाय?"

"बघतो," लेखक म्हणाला, आणि धावतच काकूंच्या खोलीत गेला.

काकू म्हणजे मालिकेच्या संकलक. वयाने लेखकाहून लहान, पण खोलीतल्या गारठ्यामुळे बारा महिने शाल पांघरून बसत, म्हणून काकू. चित्रीकरणाच्या जागी एक पद्धत होती. दिवसभराचं काम संपलं, की प्रत्येक नटाला पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून त्याचे सुटे चेहरे घेऊन ठेवायचे. कोणाला बघून, कशाला बघून, काही नाही, नुसते चेहरे. पुढे कधी कोणी काही बोललं, की ऐकणाऱ्याचा चेहरा म्हणून ते मध्ये घुसवायचे.

"आबांचे अकरा आहेत शिल्लक," काकू म्हणाल्या. "बघा. हा 'काळजी'. हा 'संशय, डावीकडे'. हा 'संशय, उजवीकडे'. हा 'कोण आलंय बरं'. हा 'समाधान, दात न दाखवता'. हा कुठला ते मला कळलेलं नाही, मी त्याला 'दूध उतू गेलं' म्हणते."

"यात बोलणारा एकही नाही?"

"नाही."

"मग डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

"हर्नियात?"

"आबांचा हर्निया आहे. कडक डॉक्टर आहेत."

"आणि हा तर उभा आहे, कॉटवर कसा झोपवणार?"

पण लेखकाने मान तिरकी करून पडद्याकडे बघितलं. भिंतीला टेकून उभा असलेला माणूस अगदी जवळून दाखवला, तर उशीला टेकून बसल्यासारखा दिसतो. काकूंनीही मान तिरकी केली. दोघं बराच वेळ तशीच बसली. दारातून डोकावलेला एक जण काही न विचारता निघून गेला.

"इथे हनुवटीला जरा कापलंय त्यांना," काकू म्हणाल्या. "दाढी करताना. चालेल?"

"कोण बघतंय?" लेखक म्हणाला.

बुधवारी दुपारी अण्णा दाखल झाले. सहा कॉटांचा वॉर्ड, भिंतीवर उंच टीव्ही. शेजारच्या कॉटवर एक शिंपी होता, त्याचंही उद्याच, अण्णांच्या पाठोपाठ.

"तुम्हीसुद्धा आबांमुळेच का?" शिंप्याने अण्णांना विचारलं. "माझी बायको पाच वर्षं सांगून थकली. आबांनी एका आठवड्यात पटवलं. आता आज त्यांचं नीट होऊ दे म्हणजे झालं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "नाही झालं, तर मी सटकणार. मागच्या जिन्याला कुलूप नसतं, बघून आलोय."

लेखक अण्णांच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता. त्याने मागच्या जिन्याकडे बघितलं. खरंच कुलूप नव्हतं.

साडेसात वाजले. नर्सने औषधांची गाडी भिंतीला लावली आणि स्वतःही उभी राहिली. आबा कुटुंबाचा निरोप घेऊन ऑपरेशनच्या खोलीत गेले. इथपर्यंतचं खरं होतं, नट जाण्याआधी चित्रित केलेलं. दार बंद झालं. तेरापैकी नऊ जण बाकावर बसून काळजी करू लागले. शिंप्याने चादर मुठीत धरली. लेखकाने ही अठरा मिनिटं स्वतः लिहिली होती, तरी तो स्टुलाच्या कडेला सरकून बसला.

दार उघडलं. पडद्यावरचे डॉक्टर म्हणाले, "उत्तम झालं. फक्त बोलायचं नाही."

आणि आबा दिसले. 'समाधान, दात न दाखवता.'

वॉर्डात हुश्श झालं. शिंपी उशीवर मागे रेलला आणि म्हणाला, "बघा! चेहऱ्यावर तेज आलंय उलट." नर्सने गाडी ढकलली. पडद्यावर नात आत आली. आबांनी 'कोण आलंय बरं' केलं. नातीने विचारलं, दुखतंय का? आबांनी 'दूध उतू गेलं' केलं, आणि काय सांगावं, ते इतकं चपखल बसलं की दारापाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी डोळे पुसले.

अण्णा मात्र पुढे वाकून, डोळे बारीक करून बघत होते. लेखकाला ती नजर ओळखीची होती. लहानपणी तो एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेला होता, तेव्हा एका तराजूकडे बघताना हीच.

"यात पासंग आहे," अण्णा म्हणाले.

"काय अण्णा?"

"हनुवटीला कापलंय त्याला. डावीकडे. हे किल्ल्या हरवल्या होत्या त्या आठवड्यातलं आहे. आत्ता निरोप घेताना कापलेलं नव्हतं." त्यांनी टीव्हीवरची नजर काढली आणि लेखकावर ठेवली. "नट पळाला वाटतं?"

लेखकाने आजूबाजूला बघितलं. शेजारी शिंपी नातेवाईकांना फोनवर सांगत होता, की आबा ठणठणीत आहेत.

"हळू बोला, अण्णा. हो. पळाला."

"मग मारणार होते त्याला?"

"हो."

"तू मारू दिलं नाहीस."

"तारखा जुळत नव्हत्या," लेखक म्हणाला. मग त्याने विचारलं, "आता… उद्याचं?"

"उद्याचं काय? सकाळी सातला नेणार म्हणालेत."

"म्हणजे तुम्ही करून घेणार? हे सगळं खोटं आहे, तरी?"

"खोटं आहे म्हणजे काय? मला वाटत होतं का तो माणूस खरा आहे?" अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "अरे, सहा आठवडे झाले, तुझी गोष्ट जागची हलेना. रोज आपलं तेच. तो पट्टा, ती गाठ, तो हट्ट. थोरल्या सुनेचं कुठवर आलं, कागद कोणी पळवले, काही पत्ता नाही, नुसता हर्निया. फिरायला येणारे दोघे तर म्हणाले, आता आम्ही दुसऱ्या वाहिनीवर बघतो. म्हटलं, मी ऐकल्याशिवाय हा काही थांबत नाही. आणि असाच लिहीत बसला तर त्याची नोकरी जाईल. त्यापेक्षा मी करूनच टाकतो. म्हणजे तू मोकळा."

लेखकाने स्टूल उशाशी सरकवलं. त्याने कोट्यवधी लोकांना सहा आठवडे धरून ठेवलं होतं एका माणसासाठी, आणि तो एक माणूस त्या कोट्यवधी लोकांची सुटका करायला कॉटवर येऊन बसला होता.

"पण तुम्ही सर्जनना म्हणालात, आधी आबाचं कसं होतंय ते बघू."

"एकदम हो कसं म्हणायचं?" अण्णा म्हणाले. "माणसाने काहीतरी अट घालावी लागते."

"आणि साखर? काठी?"

"साखर तशीही सोडायची होती. काठी कुत्र्यांसाठी." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "कडीचं मात्र मला समजलं नाही. आबाच्या घरात चौदा माणसं, चोर आत येऊन करणार काय?"

"ती माझी नव्हती," लेखक म्हणाला, आणि तिथेच थांबला.

गुरुवारी सकाळी सात वाजता अण्णांना नेलं. लेखक आणि त्याची बायको बाकावर बसली. मालिकेत अशा वेळी कोणीतरी येरझाऱ्या घालतं. इथे दोघंही नुसती दाराकडे बघत होती. दाराच्या वरचा रंगाचा एक पोपडा सुटायला आला होता, तो कधी पडतोय यावर लेखकाचं लक्ष खिळलं. आपण इतके भाग लिहिले आणि एकदाही वाट बघणाऱ्या माणसाला पोपडा दिला नाही, असं त्याच्या मनात आलं. तो पडायच्या आत सर्जन बाहेर आला.

"उत्तम झालं," तो म्हणाला.

"बोलायला हरकत नाही ना?" लेखकाच्या तोंडून निघून गेलं.

"बोलायला? हर्नियात?" सर्जन म्हणाला. "तुम्ही मालिका फार बघता."

बायको आधी हसली आणि मग तिने पदराने डोळे टिपले, आणि लेखकाने तिच्या पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून एकामागून एक पाच बिस्किटं खाल्ली. काल दुपारपासून आपण काही खाल्लेलंच नाही, हे त्याला पाचव्या बिस्किटाला आठवलं.

दुपारी अण्णांना वॉर्डात आणलं. शिंपीही सुखरूप बाहेर येऊन शेजारी घोरत होता. मॅडमचा फोन येऊन गेला होता : कालचा भाग चार वर्षांत सगळ्यात जास्त लोकांनी बघितला, न बोलणारे आबा लोकांना फार आवडले, अकरा चेहऱ्यांत अजून किती आठवडे निघतील? लेखकाने ते अण्णांना सांगितलं.

"फार ताणू नकोस," अण्णा क्षीण आवाजात म्हणाले. "मुलीकडे पाठव त्याला. आजारातून उठलेला माणूस चार दिवस मुलीकडे जातो. तिथून पत्रं लिहू दे."

लेखकाने खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. वाहिनीच्या सहा जणांच्या बैठकीत हे कोणालाही सुचलं नव्हतं.

"आणि हे बघ," अण्णा म्हणाले, "पुढच्या वेळी मला काही सांगायचं असेल, तर तोंडाने सांग. छत्तीस भाग लागत नाहीत त्याला."

"तोंडाने सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

अण्णांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "पण इतरांचा वेळ वाचला असता."

मग त्यांनी डोळे मिटले. लेखक पाणी आणायला उठला, आणि या वेळी पाणी घेऊन परत आला.